सांगून टाकणारे गुंजाळ सर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. स्टाफरूममधल्या कपाटावर धूळ साचते तसे ते साचतात, आणि एखाद्या दिवशी कोणी कपाट हलवलं की सगळ्यांना शिंका. राहुरीच्या आमच्या कॉलेजात मी भूगोल शिकवायचे. तिथली माणसं पुष्कळ, पण साचलेले किस्से बघाल तर निम्म्याहून जास्त एकट्या गुंजाळ सरांचे. ऐकताना तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण त्या दिवसांत आम्ही सगळेच जीव मुठीत धरून होतो, एवढं ध्यानात असू द्या. फरक इतकाच, की आम्ही लपून भ्यायचो आणि गुंजाळ सर उघड भ्यायचे.

सर मराठी शिकवायचे आणि कादंबऱ्या लिहायचे. पुण्या-मुंबईच्या मासिकांत त्यांचं नाव यायचं. तरुणपणी ते लाल बावट्याच्या लोकांत होते. स्वातंत्र्यानंतर त्या लोकांची धरपकड झाली तेव्हा आधी भूमिगत, मग तुरुंगात, असं आम्ही ऐकून होतो. असा माणूस आपल्या कॉलेजात येतोय म्हटल्यावर आमची खात्रीच झाली, की आता रोज स्टाफरूममध्ये भाषण.

पहिल्या दिवशी प्राचार्यांनी ओळख करून दिली. सर उभे राहिले. किडकिडीत अंग, खादीचा सदरा, आणि हात सारखे एकमेकांत गुंतवलेले.

"एक विनंती आहे," ते म्हणाले. "माझ्यासमोर कुणी कुणाविषयी काही बोलू नका. कोण कुठं गेलं, कोण कुणाकडं उतरलं, काही नको. मला विचारलं की मी सांगून टाकतो."

असं स्वतःबद्दल कोण सांगतं? सगळे गप्प बसले. इंग्रजीचे साळवे सर मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणाले, "फार चांगलं झालं. आमच्या बहिणीचं लग्न ठरलंय, पत्रिका छापायला नको आता."

हशा पिकला. गुंजाळ सरही थोडे हसले आणि साळव्यांना हात जोडून म्हणाले, "ठिकाण तेवढं सांगू नका."

*

मग सुरू झालं त्यांचं खाकरणं.

कुठल्याही दारापाशी आले की सर थांबायचे, मोठ्यांदा खाकरायचे, वहाणा दोनदा फरशीवर घासायचे आणि मग आत यायचे. आतल्या लोकांना बोलणं आवरायला वेळ मिळावा म्हणून! आम्हाला त्याची इतकी सवय झाली, की खाकरणं ऐकू आलं की हातातली भजी हातात राहायची आणि सगळी स्टाफरूम चिडीचूप व्हायची.

एकदा विद्यापीठाची कमिटी आली होती. प्राचार्यांच्या खोलीत बैठक चाललेली. प्राचार्य रंगात येऊन सांगत होते, आमच्या लायब्ररीत अमुक आहे, तमुक आहे. तेवढ्यात बाहेरून गुंजाळ सर गेले आणि सवयीने खाकरले. प्राचार्य वाक्याच्या मध्यात जे गप्प झाले ते गप्पच. कमिटीचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी त्यातला एक जण हळूच म्हणाला, "का हो, लायब्ररीचं काही गुपित आहे का?"

त्या वर्षी आम्हाला लायब्ररीची ग्रँट मिळाली नाही. साळवे सर म्हणायचे, एका खोकल्यात गेली.

*

त्यांच्या कादंबऱ्या तुम्ही वाचल्यात की नाही मला माहीत नाही. मी वाचल्यात. त्यांत कोणीही कुठून येत नाही आणि कुठे जात नाही. माणूस बसमध्ये बसतो, बस सुटते, आणि आपण पान उलटतो तर दुसरंच कोणीतरी चूल पेटवत असतं. गावाला नाव नाही, नदीला नाव नाही. मी पडले भूगोलाची. माझी किती चिडचिड व्हायची!

नगरला एका वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं. साळवे सर आणि मी हौसेने गेलो होतो. शेवटी एक म्हातारे वकील उठले आणि तावातावाने म्हणाले, "तुमच्या नव्या कादंबरीत तो रामभाऊ शेवटी जातो कुठे? मी तीनशे पानं त्याच्या मागं चाललोय. मला कळायलाच हवं."

"मला माहीत नाही," सर म्हणाले.

"अहो, लेखक तुम्ही ना?"

"म्हणून तर माहीत करून घेतलं नाही," सर म्हणाले. "मला माहीत असतं तर आता तुम्ही विचारल्यावर मी सांगितलं असतं. मग तो सापडला असता."

लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, साहित्यातलं काहीतरी खोल बोलले. मी पहिल्या रांगेत होते. सरांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता.

*

आपल्याकडे नवीन पोरगं समोर आलं की पहिला प्रश्न काय? कोण गावचं? आडनावावरून गाव, गावावरून मामा, मामावरून सोयरीक. गुंजाळ सर हा प्रश्न कधी विचारायचे नाहीत. पोरांना गोष्टी लिहायला लावायचे आणि गोष्टीत गावाचं नाव आलं की लाल शाईने काट मारायचे. एका मुलीने घर सोडून गेलेल्या मावशीची गोष्ट लिहिली होती. सुंदर लिहिली होती, मी वाचली. सरांनी खाली शेरा दिला, "ती कुठे गेली ते तू लिहून टाकलंस. आता तिला लपायला जागा राहिली नाही."

त्या वर्गात भानुदास नावाचा मुलगा होता. उंच, सावळा, पूर्वेकडच्या कोरड्या भागातला. भूक लागली तरी मोठ्याने बोलायचा, एवढा आवाज. पहिल्याच तासाला तो उभा राहिला. "सर, आमी तिसगावचं. आमच्याकडं पानी न्हाई, पन गोष्टी लई."

सगळा वर्ग हसला. सरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते. "मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "खाली बस."

पण भानुदास त्यांचा लाडका झाला. सर त्याची गोष्ट वाचून दाखवताना आवाज बदलायचे. इतर कुणाच्या गोष्टीला बदलायचे नाहीत.

*

हे सगळं कशामुळे, ते मला वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, सांगितलं. सर आणि मी दोघंही देवळाली प्रवऱ्याला राहायचो, घरं पाठीला पाठ लागून. वहिनी संगमनेरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, बोलायला रोखठोक. एक दिवस तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "बाई, तुमाला वाटत आसंल, ह्यांना मारलं म्हनून बोलले. तसं न्हाई. लई मारलं. पायाची नखं गेली. तवा एक शब्द न्हाई काढला. मग एक दुसराच साहेब आला. खुर्ची दिली, पाय धुवायला ऊन पानी दिलं, चहा दिला, आन गोड आवाजात इचारलं, तुमचा तो सोबती कुटं आसतो हो? ह्यांनी सांगून टाकलं."

सोबत्याचं नाव वहिनींनी मला सांगितलं नाही. त्याला त्याच रात्री धरलं. तुरुंगातून सुटला तो छातीचं दुखणं घेऊन, आणि दोन वर्षांत गेला.

"मार सोसला बगा," वहिनी म्हणाल्या. "चहा न्हाई सोसला."

मी तशीच घरी आले आणि दाराला कडी घालून बसून राहिले. मला सरांची दया आली, आणि खरं सांगते, भीतीही वाटली. आपणही कधी कुणाच्या गोड आवाजाला असंच भुललो तर काय करणार?

*

मग दुष्काळ पडला. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आम्हालाही रेशनच्या लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या भाकरी खाव्या लागल्या, मग तिसगावकडचं काय विचारता! भानुदासची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. एक दिवस सरकारने ते काम अचानक बंद केलं. बायका-पोरं तशीच माळावर बसून राहिली. भानुदासने पोरं गोळा केली आणि कचेरीवर मोर्चा नेला. कुणीतरी दगड मारला, एका पोलिसाचं डोकं फुटलं. दगड भानुदासने मारला नव्हता, पण सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता. वॉरंट त्याच्या नावाचं निघालं.

त्याच्याबरोबरचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी सापडला. आठवड्याने सुटून आला तेव्हा त्याला पेन धरता येत नव्हतं. ते बघितल्यापासून आमच्या स्टाफरूममध्ये कुणी भानुदासचं नाव काढेना. तो नाहीसा झाला होता. त्याने नाहीसंच राहावं, एवढीच प्रार्थना मी रोज करायचे.

आणि फौजदारांनी चौकीवर बोलावलं कुणाला? गुंजाळ सरांना.

आमच्या तोंडचं पाणी पळालं. साळवे सर येरझाऱ्या घालत होते. दुपारी सर परत आले. त्या दिवशी खाकरायचं विसरले, तसेच आत आले आणि खुर्चीत बसले.

"काय झालं?" प्राचार्यांनी विचारलं.

"सांगून टाकलं," सर म्हणाले. "तो तिसगावचा आहे. आईचा भाऊ तिथंच असतो. जे आठवलं ते सगळं सांगितलं."

म्हणजे कानांवर हात ठेवूनही ऐकलं होतं तर!

जीप तिसगावला गेली. भानुदास काही तिथे नव्हता. त्याच्या मामाने मात्र पोलिसांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. म्हातारा म्हणे सारखं एकच म्हणत होता, "आमचा भाचा सापडला तर आमालाबी कळवा. त्याच्या आईचा जीव ऱ्हाईना."

त्या दिवसापासून साळवे सर गुंजाळ सरांशी बोलेनासे झाले. पोरं त्यांच्या तासाला बसायची, पण वही उघडायची नाहीत. सर रिकाम्या चेहऱ्यांकडे बघून शिकवत राहायचे.

*

यापुढचं तर माझ्या बुद्धीच्या पलीकडचं. चार-सहा दिवस गेले असतील. कुणी बोलावलं नव्हतं, विचारलं नव्हतं, तरी गुंजाळ सर आपण होऊन चौकीवर गेले! म्हणाले, भानुदास मुळा धरणाच्या कॅम्पात असेल, तिथे मजुरांत लपणं सोपं आहे. जीप परत धावली. कॅम्पातल्या मजुरांना उन्हात रांगेत उभं केलं, चेहरे बघितले. भानुदास नाही. येताना जीप मातीत रुतली ती त्याच मजुरांनी ढकलून बाहेर काढली.

नगरच्या वरिष्ठांनी फौजदारांची चांगलीच हजामत केली असं कानावर आलं.

साळवे सर मला म्हणाले, "भित्रा माणूस परवडला. पण हा आता पोलिसांच्या दारात शेपूट हलवत जायला लागला."

मी विषय बदलला, कारण त्याच सकाळी वहिनींनी मला परसातून हाक मारली होती. मी गेले तर त्यांच्या मागच्या खोलीत, धान्याच्या कणग्यांच्या आड, गुडघे पोटाशी घेऊन भानुदास बसलेला. त्याचा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता. मला बघून नुसते हात जोडले.

मी आधी परसाचं दार लावून घेतलं. "वहिनी, तुम्हाला वेड लागलंय का? या घरात? सरांच्या घरात?"

"हितंच तर," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या कानावर पडलं का पोलिसांत पडलं, हे साऱ्या तालुक्याला म्हाईत हाय. मग हितं कोन बगायला येतंय? ह्यांना पत्ता न्हाई. ह्या खोलीत कदी येत न्हाईत ते. बाजाराच्या दिशी माझा भाऊ गाडी घेऊन येनार हाय, कडब्याखाली घालून न्हेतो म्हनला. तवर दम काढायचा."

बाजार होता शनिवारी. तोवर मी एक घास नीट खाल्ला असेल तर शपथ. रोज सकाळी सरांबरोबर एकाच एसटीने राहुरीला जायचे आणि त्यांच्याकडे बघायचं टाळायचे. मला वाटायचं, माझ्या चेहऱ्यावरून हे ओळखतील आणि ओळखलं की संपलं. एकदा ते म्हणाले, "बाई, तुमची तब्येत बरी दिसत नाही." मला ब्रह्मांड आठवलं.

वहिनी सांगायच्या, हे हल्ली ताटात एक भाकरी तशीच ठेवून उठतात, भूक नाही म्हणतात. आणि आता स्वतःच्याच घराच्या फाटकापाशी उभे राहून खाकरतात. हे सांगताना वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघींनीही पुढे काही विचारलं नाही.

*

आणि मग शुक्रवार. बाजाराचा आदला दिवस.

मधली सुट्टी होती, स्टाफरूम भरलेली होती. फौजदार आत आले, मागे दोन शिपाई. प्राचार्य पळत पळत त्यांच्या मागून आले. फौजदारांनी खुर्ची ओढली आणि गुंजाळ सरांच्या बरोबर समोर बसले. या वेळी आवाज चढवला नाही. अगदी अदबीने बोलले.

"सर, शेवटचं इचारतो. भानुदास कुठं हाय?"

सर थरथरत होते. थरथरत होते म्हणजे त्यांचा गुडघा टेबलाला लागून दौत वाजत होती. मी समोरच्या कोपऱ्यात होते. मी मनात म्हटलं, देवा, यांची वाचा बसू दे. आत्ता या क्षणी बसू दे, उद्यापर्यंत बसू दे.

"माझ्या घरात," सर म्हणाले.

मी टेबलाची कड धरली.

"माझ्या घरात आहे," सर पुन्हा म्हणाले. "मागच्या खोलीत, कणग्यांच्या आड. दाराला आतून कडी असते. बायकोला हाक मारली की ती उघडेल."

फौजदार त्यांच्याकडे बघत राहिले. मग टोपी काढली, रुमालाने टक्कल पुसलं आणि टोपी परत घातली.

"तिसगावला गेलो," ते म्हणाले. "धरनावर गेलो. साहेबांनी मला चार लोकांत इचारलं, दुष्काळात जीप पान्याच्या टँकरमागं पाहिजे का त्या मास्तरच्या तोंडामागं? आता तुमच्या घराच्या कनग्या उपसू, आन साऱ्या देवळालीत माझं हसं करून घेऊ? तुमी भ्याला की तोंडाला येईल ते बोलता सर. तुमच्या बोलन्यावर मी आता पाऊल उचलनार न्हाई."

"खरं सांगतोय," सर म्हणाले. "चला ना. मी येतो बरोबर, दाखवतो."

आणि ते खरोखरच उठले आणि टेबलाखाली पायाने वहाणा शोधायला लागले.

फौजदारही उठले. प्राचार्यांना म्हणाले, "ह्यांना घरी पाठवा. औषधपानी करा जरा." शिपायांना खूण केली आणि गेले. आम्ही खिडकीपाशी धावलो. जीप फाटकातून बाहेर पडली, क्षणभर थांबली आणि नगरच्या रस्त्याला वळली. देवळालीच्या नाही.

स्टाफरूममध्ये एकदम कल्ला झाला. साळवे सरांना तर रडायलाच आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी गुंजाळ सरांचे खांदे धरले आणि म्हणाले, "माफ करा मला. काय थाप मारलीत! कणग्या काय, आतली कडी काय! मी जन्मात इतकं हुबेहूब खोटं ऐकलं नाही."

ते खोटं नव्हतं, हे त्या खोलीत सरांशिवाय आणि माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आधी धरणाची थाप मारून स्वतःची पत घालवली आणि मग मुद्दामच खरं सांगितलं, असं मला तोवर वाटत होतं.

गुंजाळ सर साळव्यांकडे बघतसुद्धा नव्हते. एका पायात वहाण, दुसरा पाय अनवाणी, असे ते उभे होते आणि खिडकीतून रिकाम्या फाटकाकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले. चेहरा पांढरा पडला होता.

"बाई," ते म्हणाले, "मी सांगितलं ना त्यांना? मग ते आले का नाहीत?"